घोंगडी खोलीची नव्हती

बारामतीत इंदापूर रस्त्याच्या एका आतल्या गल्लीत आमचं घर होतं आणि त्या घराच्या डोक्यावर अण्णांनी हौसेनं बांधलेल्या दोन खोल्या होत्या. मुलगा झाला की त्याला होतील, या हिशेबानं त्या बांधल्या होत्या. मुलगा झाला नाही, मी एकटीच झाले आणि खोल्या तशाच राहिल्या. एकीत आई शेंगा, कांदे आणि ज्वारीची पोती ठेवायची. दुसरीला बाहेरून लोखंडी जिना काढून ती भाड्यानं द्यायचं अण्णांनी ठरवलं. 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी मीच रंगवली, आधी खडूनं रेघा आखून, मग निळ्या ऑइलपेंटनं. मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी विषय घेऊन शिकत होते आणि घरातलं लिहिण्यावाचण्याचं सगळं काम माझ्याकडंच असायचं. त्यामुळे पुढं जे झालं त्यात माझा हात अगदी पाटीपासूनच आहे.

घरात आम्ही चौघं. अण्णा एमआयडीसीत लेथ मशीनवर होते, आई घर बघायची, मी, आणि अण्णांचे वडील म्हणजे आबा. आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्याच्या कोरड्या पट्ट्यातलं. आबांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. दिवाळी झाली की कोकणाकडं उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायचं. अण्णा शिकले, नोकरीला लागले, शहरात प्लॉट घेतला आणि कळप विकला गेला. आबांनी त्यातल्या दोन मेंढ्या तेवढ्या मागं ठेवल्या आणि त्या मेंढ्यांसकट ते बारामतीत राहायला आले. मागच्या अंगणात पत्र्याखाली त्या मेंढ्यांचा मुक्काम. लेंड्यांचा वास येतो म्हणून गल्लीतल्या लोकांनी तक्रारी केल्या, पण आबांना तो वास येतच नसल्यामुळे तक्रार कशाची आहे हेच त्यांना कळायचं नाही. पहाटे रस्त्यावरून उसाच्या बैलगाड्या जायच्या, त्यांच्या घुंगरांचा आवाज पहिला. मग आबांचं खाकरणं, मग मेंढ्यांचं ओरडणं, मग आईच्या भाकरीची थापथाप. आबांना सकाळी वाटीभर हुलग्याचं माडगं लागायचं आणि ते पिताना ते इतका आवाज करायचे की माझा अभ्यास बंद पडायचा. मी चिडले की म्हणायचे, "आवाज केल्याबिगर चव कशी लागंल गं नंदे?"

आबांकडं दोन घोंगड्या होत्या. दोन्ही त्यांच्याच मेंढरांच्या काळ्या लोकरीच्या, सनगरानं विणलेल्या, चिंचोक्याची खळ दिलेल्या. एक ते स्वतः वापरायचे, दुसरी दांडीवर घडी घालून असायची. आमच्याकडं घोंगडी ही साधी गोष्ट नाही. बसायला टाकली तर समोरचा पाहुणा, पांघरायला दिली तर तो घरचा. दिलेली घोंगडी परत घेत नाहीत आणि कुणी परत आणून दिली तर त्याचा अर्थ एकच होतो, आजपासून तुमचा आमचा संबंध संपला. मी सात-आठ वर्षांची असताना आबांच्या सख्ख्या भावानं वाटणीवरून भांडून घोंगडी परत पाठवली होती. त्यानंतर दोघं भाऊ एकाच लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले तरी एकमेकांशी बोलले नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढं लिहिताना माझी मलाच पळवाट सापडेल.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. साखर कारखाने नुकतेच सुरू झाले होते. दुपारी फाटकात एक उंचापुरा, काळाभोर तरुण येऊन उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फाइल. चपला त्यानं फाटकाच्या बाहेरच काढल्या होत्या. तशी शिकवण त्याला कुणीतरी दिली असावी. त्यानं मला एक कागद दाखवला. तो टांझानियाचा होता. त्याच्या देशातल्या साखर कारखान्यानं त्याला एका हंगामासाठी इकडच्या एका कारखान्यात पाठवलं होतं, रस उकळून साखरेचा दाणा कसा धरायचा ते शिकायला. सुरुवातीला राहायला दिलेली खोली आता त्याला सोडायची होती, कारण हंगामासाठी दुसरे लोक येणार होते. गेले आठ दिवस तो बारामतीत खोली शोधत हिंडत होता. एका घरी त्याला काय खातोस ते विचारलं. दुसरीकडं जात विचारली, ती त्याला सांगता आली नाही. तिसरीकडं खोली गेली असं सांगून त्याच्यादेखत पाटी उतरवली आणि संध्याकाळी तो त्याच रस्त्यानं आला तेव्हा पाटी परत लटकत होती. "मला तुमची अक्षरं वाचता येत नाहीत," तो इंग्रजीत म्हणाला, "पण या पाटीचा आकार आता पाठ झाला आहे." हे सांगताना तो हसत होता आणि मीही हसले.

माझी लेक सध्या जर्मनीत असते. तिथं खोली मिळवायला तिला चार महिने लागले. नाव परदेशी दिसलं की उत्तरच यायचं नाही, असं ती रडवेली होऊन फोनवर सांगायची. मी इकडून धीर द्यायची, माणसं सगळीकडं सारखीच असतात गं, म्हणायची. 

अण्णा कामावरून आले आणि त्याला बघून डोकं खाजवायला लागले. "पोलिसात कळवाय लागंल. आन् गल्ली काय म्हणंल?" असं ते हळू आवाजात मला म्हणाले, जणू मोठ्यानं बोललं तर त्याला मराठी कळणार होतं. तेवढ्यात मागून मेंढी ओरडली. त्या माणसाचा चेहराच बदलला. बघू का, म्हणून त्यानं मला विचारलं आणि सरळ मागच्या अंगणात जाऊन उकिडवा बसला. एका मेंढीचा जबडा धरून त्यानं हलकेच ओठ वर केला, दात पाहिले आणि बाजेवर बसलेल्या आबांना चार बोटं दाखवली. आबा म्हणाले, "चार दाती. बरुबर." मग त्यानं दुसरीच्या पोटाखाली हात घातला, क्षणभर डोळे मिटले आणि हातानं पोटाचा गोल करून दाखवला. ती गाभण होती. हे आबांनी अजून घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं. आबा बाजेवरून उठले. "खोली द्या ह्येला," ते अण्णांना म्हणाले आणि तो विषय तिथंच मिटला.

त्याचं नाव मासांजा. आबांच्या तोंडात ते बसेना, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचा म्हसाजी झाला. पोलिसात द्यायचं इंग्रजी पत्र मी लिहिलं, खाली अण्णांनी मराठीत सही केली. बादली, तांब्या, लाकडी टेबल, बाज, एक बल्ब आणि किल्ली, असं सगळं मी त्याला मोजून दिलं. त्याच्या देशातही घरमालक असंच देतात, असं तो म्हणाला. त्याच्या जाण्यायेण्यानं लोखंडी जिना वाजायचा आणि त्या आवाजावरून आई त्याची कारखान्यातली पाळी ओळखायची. कारखान्यातून आला की त्याच्या कपड्यांना मळीचा गोडसर आंबूस वास असायचा. सुट्टीच्या दिवशी तो स्टोव्हवर मक्याच्या पिठाचं घट्ट काहीतरी घोटायचा आणि वाटीभर खाली आणून द्यायचा. आबांनी पहिला घास घेतला आणि जाहीर केलं, "ह्यो तर घाटा हाय की. मीठ इसारलाय गडी." आईनं वर ठेचा पाठवला. तो खाऊन त्याच्या डोळ्यांना पाणी आलं, तरी दुसऱ्या दिवशी वाटी धुऊन त्यानं परत मागितला. मला तो 'सिस्टर' म्हणायचा. मीच त्या घरातली त्याची जीभ आणि त्याचे कान होते.

आबांना मात्र त्याच्याशी बोलायला माझी फारशी गरज पडायची नाही. दोघं मेंढ्यांजवळ बसायचे. त्याच्या वडलांची गुरं होती, शेळ्या होत्या, लहानपण त्यांच्यामागंच गेलेलं. तो तोंडानं एक बारीक शीळ घालायचा आणि मेंढ्या कान टवकारायच्या. आबा जिभेनं 'ट्रर्र' करायचे, तेही तो शिकला. एकदा आबा त्याला जनावरांच्या बाजारात घेऊन गेले. दोघांनी बाजारभर दात बघितले, कुणाकडून काही विकत घेतलं नाही आणि भेळ खाऊन परत आले. कळप विकल्यापासून आबांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग थंडी पडली. म्हसाजीला त्या थंडीची सवय नव्हती, सकाळी नळावर यायचा तेव्हा त्याचे दात वाजायचे. तो कामावर गेला असताना एक दिवस आबा गुडघ्यांवर हात टेकत तो लोखंडी जिना चढून गेले, दांडीवरची घोंगडी त्याच्या बाजेवर ठेवली आणि खाली आले. कुणाला काही बोलले नाहीत. म्हसाजी आला, त्यानं घोंगडी पाहिली आणि खाली येऊन आबांपुढं दोन्ही हात जोडले. आबांनी हात झटकला, त्यात काय एवढं, असा. त्यानं अर्थ विचारला नाही आणि मी सांगितला नाही. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. सांगायचं राहून गेलं, इतकंच.

आता माझ्याबद्दल सांगते. मी रंगानं काळी. हे मी आता सहज लिहिते, त्या वेळी हा शब्द कुणी दुसऱ्या कशाबद्दल उच्चारला तरी मी आत जायची. दोन ठिकाणचे पाहुणे मला बघून गेले होते. दोघांनीही मुलगी हुशार आहे असं कळवलं आणि त्यापुढं काही कळवलं नाही. आई रोज रात्रीची साय माझ्यासाठी राखून ठेवायची, ती मी सकाळी तोंडाला चोळायची आणि मेंढीच्या दुधाचाही प्रयोग झाला होता. अशात एका सकाळी नळावर बायका होत्या. म्हसाजी बादली घेऊन आला, मी त्याला पाणी कधी जातं ते सांगत त्याच्या शेजारी उभी होते. समोरची काकू आईला म्हणाली, "बरं केलंत भाडेकरू ठिवलात. ह्येच्याशेजारी उभी ऱ्हायली की पोरगी गोरी दिसती बगा." सगळ्या हसल्या. आई कसनुशी हसली. मीही हसले. त्याला कळलं नाही, पण सगळे हसतायत म्हणून तोही हसला. त्या दिवसापासून मी त्याच्या शेजारी उभी राहायचं सोडलं. काही सांगायचं झालं तर जिन्याच्या खालूनच सांगायची. गल्लीतली पोरं एकमेकांत 'नंदाचा भाऊ आला' म्हणतात असं एकदा कानावर आलं, आणि त्या पोरांचा राग मी त्याच्यावर धरला. त्यानं काय केलं होतं? तो नुसता पाण्याला आला होता.

बावड्याहून आत्या आली ती नवं स्थळ घेऊनच. मुलगा पुण्यात इंजिनिअर, घरचं चांगलं, येत्या ऐतवारी बघायला येणार. माझं मन त्या स्थळावर फार बसलं होतं. मुलगा पाहिलेला नव्हता, पण पुणं पाहिलं होतं. आत्यानं लोखंडी जिन्याकडं बोट केलं. "पावणं येत्यात आन् वरनं ह्यो उतरला म्हंजी? आठ दिस कुटंतरी जाऊ द्या त्येला." अण्णांना ते पटलं नाही, पण बहिणीपुढं ते कधी टिकायचे नाहीत. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "नंदे, त्येला नीट समजावून सांग. आठ दिस कारखान्यावर दोस्ताकडं ऱ्हा म्हणावं. पावणं गेलं की खोली त्येचीच हाय. आन् आबांच्या कानावर घालू नको, त्ये डोक्यात राख घालून घेतील."

मी जिना चढून गेले. तो टेबलाशी बसून वहीत काही उतरवून घेत होता. मला खुर्ची द्यायला उठला, ती त्याच्याकडं नव्हती हे आठवून हसला आणि बाजेवर जागा केली. मी उभीच राहिले. अण्णांचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, इंग्रजीत सोपं होतं. मी म्हणाले, "वडलांना खोली हवी आहे. तुम्ही दुसरी शोधा." त्यानं विचारलं, "किती दिवसांसाठी?" मी म्हणाले, "कायमची. ऐतवारच्या आत." त्यानं वही मिटून ठेवली. मग म्हणाला, "म्हाताऱ्या बाबांनाही तसंच वाटतं?" मी म्हणाले, "हो." खाली येऊन मी अण्णांना सांगितलं की त्याला कारखान्याजवळ खोली मिळाली आहे आणि तो स्वतःहूनच जाणार होता. अण्णांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. त्यांना खरं-खोटं करायला दुसरं माणूसच नव्हतं, त्या घरात दोन्ही बाजूंनी माझ्याच तोंडून बोलावं लागायचं. पुढं जन्मभर मी शाळेत इंग्रजी शिकवलं. भाषांतराचा प्रश्न आला की फळ्यावर लिहायची, 'मूळ वाक्यात नसलेलं पदरचं काही घालू नका.' पाठीमागं साठ पोरं असायची; बरं की मी फळ्याकडं तोंड करून उभी असायची.

तो गेला त्या दिवशी आबा जनावरांच्या बाजाराला गेले होते. तो दिवस मीच सुचवला होता. त्यानं खोली झाडली, फरशी पुसली, भिंतीवरचा एक खिळा काढून भोक साबणानं बुजवलं. मग सगळं सामान दाराशी ओळीनं मांडून मला बोलावलं. बादली, तांब्या, टेबल, बाज, बल्ब, किल्ली. एकेक दाखवून तो माझ्याकडं बघायचा आणि मी मान हलवायची. शेवटी त्यानं घोंगडी उचलली. ती त्यानं उन्हात घालून झटकली होती आणि आबांसारखीच घडी घातली होती. "सिस्टर," तो म्हणाला, "हीसुद्धा खोलीचीच, हो ना?"

तो खरंच विचारत होता. त्याच्या आवाजात अजून थोडी आशा होती, हे मला तेव्हाही कळलं. नाही म्हटलं असतं तर तो आबांसाठी थांबला असता. आबा आले असते, म्हसाजी कुठं निघाला म्हणून विचारलं असतं, आणि माझं सगळं उघडं पडलं असतं. पाहुण्यांना दोन दिवस राहिले होते. मी म्हणाले, "हो. खोलीचीच." त्यानं ती दोन्ही हातांनी माझ्या हातावर ठेवली. बाबांना माझा नमस्कार सांगा, म्हणाला, आणि पत्र्याची पेटी घेऊन लोखंडी जिना उतरला. मी तिथंच थांबले, कारण मला त्याच्याबरोबर फाटकापर्यंत जायचं नव्हतं.

आबा संध्याकाळी आले. पिशवीत दोघांसाठी भेळेचे दोन पुडे होते. दांडीवर घोंगडी बघून त्यांनी विचारलं, "ही हितं कशी?" मी म्हणाले, "तो खोली सोडून गेला. ही ठेवून गेला." आबा जिन्याच्या पायरीवर बसले. एवढंच म्हणाले, "परत दिली व्हय." भेळेचा एक पुडा त्यांनी मेंढ्यांपुढं सोडला आणि दुसरा तसाच राहिला. आईनं दुसऱ्या दिवशी तो फेकून दिला.

ऐतवारी पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला, मला नाव, शिक्षण, स्वयंपाक येतो का ते विचारून झालं. त्यांच्यात एक म्हातारे गृहस्थ होते, मुलाचे चुलते. ते सारखे खिडकीतून वर बघत होते. शेवटी न राहवून अण्णांना म्हणाले, "तुमच्यात म्हणं आफ्रिकेचा पाव्हणा ऱ्हातो. कुटं हाय त्यो? खरं सांगू का, मी त्येलाच बगाया आलो हुतो. पोरगी काय, घरची बगतीलच." सगळे हसले. अण्णांनी, तो गेला, असं सांगितलं. चुलते हिरमुसले. चार दिवसांनी निरोप आला की मुलगी हुशार आहे.

मला वाटलं होतं इथं हे संपेल. खोली रिकामीच राहिली, पाटी परत लावायला अण्णांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मेंढी व्याली, कोकरू झालं, अगदी काळं. आबा त्याच्याशीही फार बोलायचे नाहीत. उन्हाळा लागला, कारखान्यांचा हंगाम संपत आला, रस्त्यावरच्या बैलगाड्या कमी झाल्या. आणि एका सकाळी फाटकात तो उभा राहिला. तोच पांढरा शर्ट, चपला बाहेर काढलेल्या. दुसऱ्या दिवशी तो मुंबईला जाऊन तिथून विमानानं घरी जाणार होता. अण्णा कामावर होते, आई दळणाला गेली होती. आबा मागच्या अंगणात कोकराला पाला घालत होते आणि मी उंबऱ्यात होते.

तो आत आला, आबांपुढं उकिडवा बसला. कोकरू त्याचा हात हुंगायला लागलं. आबांनी मान वर केली नाही. तो मला म्हणाला, "सिस्टर, त्यांना विचारा. माझं काय चुकलं? मी हंगामभर हाच विचार करतो आहे. खोली गेली याचं मला काही नाही. पण त्यांनी तोंडावर सांगितलं असतं तर बरं झालं असतं." मी तोंड उघडायच्या आत आबा कोकराकडं बघतच म्हणाले, "आला व्हय. इचार त्येला नंदे. मी त्येला घरचा म्हणून दिली हुती. माघारी का टाकून गेला? आमचं काय चुकलं, त्येवडं इचार."

दोघांचा एकच प्रश्न होता. दोन्ही प्रश्न एका वेळी माझ्यापाशी येऊन थांबले. उत्तर मी होते. दोघं दोन बाजूंनी माझ्या तोंडाकडं बघत होते, आबांनीसुद्धा आता मान वर केली होती. चार वाक्यं पुरली असती. आबांनी मला मारलं नसतं, त्यांनी आयुष्यात कुणाला मारलं नव्हतं. फार तर महिनाभर बोलले नसते. पण माझ्या अंगात तेवढंही नव्हतं. मी म्हसाजीला म्हणाले, "ते म्हणतात, प्रवास सुखाचा होवो." आणि आबांना म्हणाले, "तो म्हणतो, गाडीची वेळ झाली, निघतो."

 म्हसाजीनं कोकराचा ओठ वर करून त्याचे दुधाचे दात पाहिले. सवयीनं त्याची बोटं आबांकडं वळली, पण त्यानं हात मागं घेतला. उठला, दोन्ही हात जोडले. आबांनी हात जोडले नाहीत. तो फाटकाबाहेर जाऊन चपला घालत होता तेव्हा आबा मला म्हणाले, "गुळगुळीत बोलला. मनातलं काय सांगितलं न्हाय." मी म्हणाले, "नाही सांगितलं."

आबा त्यानंतर सहा वर्षं होते. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी माहेरी होते, लग्न होऊन मला लेक झालेली होती. एके दुपारी त्यांनी दांडीवरची ती घोंगडी काढायला सांगितली. मला वाटलं पांघरायला हवी आहे. ते म्हणाले, "मला नगं. कुनाला तरी देऊन टाक. हिच्यात ऊब न्हाय." मी त्यांच्या पायाशी बसले होते आणि तेव्हा सांगणार होते. अगदी 'आबा' असं म्हणालेही. त्यांनी "काय गं?" म्हणून विचारलं, आणि मी म्हणाले, "पाणी देऊ का?" त्यांनी दोन घोट पाणी घेतलं.

घोंगडी मी कुणाला दिली नाही. ती माझ्या कपाटात आहे, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली, तरी एका कडेला कसर लागलीच. टांझानियाला पत्र पाठवायचा विचार पुष्कळदा केला. पण पोलिसांना दिलेल्या त्या पत्रात मी आमचा पत्ता लिहिला होता. त्याचा तिकडचा पत्ता कुणी विचारला नव्हता आणि मीही लिहून घेतला नव्हता.

गेल्या महिन्यात लेकीनं तिकडं खोली बदलली. आधीची घरमालकीण सत्तरीची बाई. घर सोडताना सामानाची यादी करावी लागते, भिंतीचं प्रत्येक भोक बुजवावं लागतं, असं लेक कौतुकानं आणि वैतागानं सांगत होती. बोलता बोलता म्हणाली, "आई, एक विचारायचं होतं. थंडीत त्या घरमालकीण आजींनी मला एक गोधडी आणून दिली होती, त्यांच्या हातची. यादीत ती नाही. ती परत द्यायची असते का गं? इथली मैत्रीण म्हणते, खोलीत होती म्हणजे खोलीचीच, ठेवून ये."

मी फोन कानाला धरूनच कपाटापाशी गेले. ती पलीकडून 'आई, आवाज येतोय ना' म्हणत राहिली. मी म्हणाले, "येतोय. मैत्रिणीला विचारू नकोस. मलाही विचारू नकोस. त्या बाईच्या दारात जा, आणि तुझ्या तोंडानं तिलाच विचार."

"एवढंसं विचारायला परत जाऊ?" ती म्हणाली. "मैत्रीण उद्या किल्ली द्यायला जाणारच आहे, तीच विचारेल की."

"नको," मी म्हणाले. "तू जा."